बघून आलो, सांगितलं नाही

माझं मूळ गाव नगरकडचं, नेवाशाच्या अलीकडं मिशनची वस्ती होती तिथलं, आणि आमचे वडील शांतवन तिथल्या दवाखान्यात शिपाई होते. शिपाई म्हणजे काय, सगळंच, झाडायचं, पाणी भरायचं, रविवारी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा वाजवायची, पण त्यांचं खरं काम सायकलीवरचं. दवाखान्यात आजूबाजूच्या खेड्यांतले पेशंट भरती असायचे आणि त्यांच्या घरी शेरडं, गुरं, लहान लेकरं, सगळ्यांनाच काही खाटेपाशी बसून राहता यायचं नाही, मग आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते सायकल काढायचे आणि गावोगाव निरोप द्यायचे, अमक्याचं ऑपरेशन झालं, तमकीला मुलगी झाली, आणि येताना दशम्या, चटणी, धुतलेलं लुगडं असं काय काय पेशंटसाठी घेऊन यायचे. काय सांगू तुम्हाला, सायकलीला पिशव्या इतक्या की लांबून माणूस दिसायचाच नाही.

पण निघायच्या आधी ते वॉर्डात जाऊन त्या पेशंटच्या उशाशी उभे राहायचे. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलेली असायचीच, तरी जायचे. मी एकदा म्हणलं, आबा, चिठ्ठीत सगळं लिहिलंय की. तर म्हणाले, लेका, त्याची आई मला विचारणार त्यानं भाकरी खाल्ली का, ते कुठं लिहिलंय चिठ्ठीत. आणि वाईट बातमी असली ना, तर दारातून कधी सांगायचे नाहीत, सायकल लावायचे, ओट्यावर बसायचे, पाणी मागून प्यायचे, आणि मग सांगायचे, पण सांगायचे. बरा नसलेल्याला बरा आहे असं त्यांनी कधी म्हणलं नाही. लोक कधी कधी त्यांच्याच अंगावर यायचे, तुझं तोंड जळो म्हणायचे, आबा गप ऐकून घ्यायचे आणि त्यांना डबलशीट बसवून दवाखान्यात आणायचे.

आता तुम्ही म्हणाल हे कुठून शिकले, तर तुखिकाकडून. तुम्हाला तुखिक माहीत नसणार, तुमचा दोष नाही, आमच्यातल्याही निम्म्या लोकांना माहीत नाही. पाळकसाहेब प्रवचन करायचे ते मोशेवर, दाविदावर, पेत्रावर, सगळी मोठी माणसं. आबांचा माणूस तुखिक. आमच्या धर्माचा पहिला मोठा प्रचारक पौल, तो कैदेत होता, हातात बेड्या, आणि तिथून त्यानं लांबच्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रं लिहिली, ती नेऊन पोचवली या तुखिकानं, समुद्रावरून, पायी, किती आठवडे लागले असतील कोण जाणे. आणि पौल पत्रात मोठमोठ्या गोष्टी लिहितो पण स्वतःचं कसं चाललंय ते लिहीतच नाही, एवढंच कळवतो की माझं सगळं तुखिक सांगेल, तो त्याचसाठी पाठवलाय. बस. तुखिकाच्या तोंडी शास्त्रात एक शब्द नाही बघा. आबा म्हणायचे, पत्र काय कुणीपण नेईल, पण ते वाचून झाल्यावर लोकांनी त्याला मधे बसवलं असेल आणि विचारलं असेल, तो जेवतो का, झोपतो का, बेडीनं हात सोललाय का, आणि त्यानं सांगितलं असेल, ते त्याचं काम. असे आमचे आबा, चौथी शिकलेले.

मी आयटीआय केलं, भोसरीला कंपनीत फिटर झालो, लग्न झालं, रूथ माझी बायको, तीपण नगरचीच, आणि मग कुणाकुणाच्या ओळखीतून इथं ऑकलंडपासून दोन तासांवर हॅमिल्टनला आलो, दूध पावडरच्या कारखान्यात, पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन, अजून तेच करतो. एस्तेर आमची मुलगी इथंच झाली, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते, तिला पिशवी आण म्हणलं तर स्वीट ॲज डॅड, म्हणजे हो हो बाबा, म्हणते आणि आणत नाही. इथली मराठी माणसं बहुतेक पुण्यामुंबईची, कॉम्प्युटरवाली, शिकलेली, हिंदू. मी ख्रिस्ती, त्यात फिटर, पण कुणी कधी लांब ठेवलं नाही, गणपतीला हॉलमधले स्पीकर मीच लावतो आणि आरतीला मागं उभा राहतो, मोदक खातो, प्रसाद म्हणून नाही तर मोदक म्हणून खातो असं मी रूथला सांगतो, ती हसते.

तर ते पिशव्यांचं. मी दर जानेवारीत नगरला जातो, थोरली बहीण आहे तिथं, आणि मला जमतं कारण शटडाऊनच्या वेळी, कारखाना दुरुस्तीला बंद असतो तेव्हा, जास्तीचं काम करून मी सुट्टी साठवतो. बाकीच्यांना शाळा, नोकरी, दोन-तीन वर्षं जाता येत नाही. मग पहिल्यांदा एकानं वडिलांसाठी मधाची बाटली दिली, मग दुसरीनं लोकरीचे मोजे, मग गुडघ्याचा पट्टा, व्हिटॅमिनच्या गोळ्या, हळूहळू असं झालं की डिसेंबर आला की आमच्या गॅरेजमध्ये पिशव्यांची रांग. आता कुरिअर आहे, सगळं आहे, पण लोक मलाच द्यायचे, कारण मी पिशवी दारात देऊन यायचो नाही. मी आत जायचो, बसायचो, चहा घ्यायचो, आणि बघायचो. आजोबा खुर्चीतून उठताना टेकू घेतात का, फ्रिजमध्ये भाजी आहे का, गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या खरंच कमी झाल्यात का. आणि इथं येऊन एकेकाच्या घरी जाऊन सांगायचो. फोनवर रोज चेहरा दिसतो हो, पण चेहराच दिसतो. माझं बघणं लोकांना पटायचं, काकांनी बघितलं म्हणजे झालं असं म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. रूथला म्हणायचो, आबांची सायकल मी विमानात घातली.

मंजिरी आमच्याच कंपनीत, पण ऑफिसात, मी खाली पाइपांत आणि ती वर कॉम्प्युटरवर. टी-ब्रेकला कधी भेटली की डब्यातली चकली माझ्या हातावर ठेवायची. तिची आई सुमनबाई पुण्यात एकट्या, वडील गेलेले, भाऊबहीण नाही. मंजिरीला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, दोनदा राहून गेलं, आणि त्या वर्षी राहिलं. मी निघालो तेव्हा पाचवा लागला होता. एप्रिलमध्ये आई बाळंतपणाला येणार, व्हिसा आलेला, तिकीट काढलेलं. मंजिरीनं पिशवी दिली, त्यात आईसाठी मऊ स्वेटर, आणि म्हणाली, काका, आई फोनवर थकल्यासारखी वाटते, विचारलं तर म्हणते थंडी बाधलीय, तुम्ही नीट बघून या आणि मला सांगा. नीट बघून या, असं दोनदा म्हणाली.

मी गेलो. दार त्यांच्याकडच्या लताबाईंनी उघडलं. सुमनबाई खुर्चीत बसल्या होत्या, खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून, केस विंचरलेले, टिकली, पावडर, आणि समोर स्टुलावर फोन टेकवून ठेवलेला. त्या जागेवरूनच त्या मंजिरीशी बोलायच्या. फोनला दिसत होतं ते सगळं छान होतं. खाली पाय सुजून एवढे झालेले की चपला जात नव्हत्या, आणि पोट, आता बाईमाणसाचं काय सांगायचं, पण पोटात पाणी झालेलं कुणालाही कळलं असतं. मी बघितलं आणि त्यांना कळलं की मी बघितलं. मग त्यांनी लताबाईंना सांगून फाईल काढायला लावली. गाठ होती, पसरलेली, डॉक्टरांनी हात टेकले होते. मला म्हणाल्या, भास्करराव, इतक्या वर्षांनी तिचं राहिलंय, ती अशा अवस्थेत धावत येईल आणि काही झालं तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू. तुम्हाला तुमच्या देवाची शपथ आहे, तिला सांगू नका, मी छान आहे म्हणा.

मी काय करायला पाहिजे होतं सांगा. तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्ही सांगा. मरणाच्या दारातली बाई हात जोडते, देवाची शपथ घालते. मी हो म्हणलं. शपथ घ्यायची नाही असं आमच्या शास्त्रात आहे, तेही मला त्या वेळी आठवलं नाही. त्यांनी मंजिरीसाठी मेतकूट दिलं, लताबाईंकडून करून घेतलेलं, डबा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला, गाठ मारायला त्यांना किती वेळ लागला ते मी बघत उभा होतो.

ऑकलंडला उतरलो. तुम्हाला माहीत आहे इथं खाण्याचं कसं असतं, विमानतळावर कार्डावर सगळं लिहावं लागतं. मी कधी चोरून आणत नाही, कुणाचं लोणचं असो, मसाला असो, मी कार्डावर टिक करतो आणि स्वतःहून त्या रांगेत जाऊन उभा राहतो. तिथल्या पोरीनं किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून डबा उघडला, हे काय आहे विचारलं, मी सगळं सांगितलं, डाळी आहेत, तांदूळ आहे, भाजलेले आहेत, दळलेले आहेत, हळद आहे, हिंग आहे, काही म्हणजे काही लपवलं नाही. आणि तसाच गाडीत बसून दीड-दोन तासांनी मंजिरीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणलं, आई एकदम छान आहेत, थंडीनं जरा थकल्यात इतकंच.

तिनं डबा नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि म्हणाली, काका, आता मला झोप लागेल.

त्या दिवसापासून मी टी-ब्रेकला वर जायचं बंद केलं. पंपाचं काम आहे म्हणायचो. ती भेटली की विचारायची नाही काही, कारण तिला वाटत होतं सगळं कळलंय, आणि चकली पुढं करायची, आणि मी ती न खाता खिशात ठेवायचो. रूथनं ओळखलं. मी तिला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, शपथ त्यांनी घातली हो, पण तुम्हाला पाठवलं कुणी होतं? बघून या असं कोण म्हणालं होतं? मी म्हणलं, अगं, पोटुशी बाई आहे. ती म्हणाली, पोटुशी आहे म्हणजे अडाणी नाही ना झाली, तिला नवरा आहे, डॉक्टर आहे, ठरवतील ते, तुम्ही कशाला ठरवलं? मी चिडलो. मी म्हणलं, तुला कळत नाही. पण तिला कळत होतं. मी रोज ठरवायचो की उद्या सांगतो. मग सहावा लागला, सातवा लागला, आणि मग मला वाटायला लागलं की आता सांगून काय, आता तर विमानवालेसुद्धा बसू देणार नाहीत.

मार्चच्या शेवटी सुमनबाई गेल्या. मंजिरीला आठवा लागलेला. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं, विमान कंपनीनं नाही म्हणून सांगितलं, तिनं आईचं शेवटचं सगळं त्याच फोनवर बघितलं. तिचा नवरा निखिल एकटा पुण्याला गेला. मी इथं मंजिरीच्या घरी गेलो, इतर मराठी मंडळी होती, मी मागं उभा राहिलो, मला तिच्यासमोर जाता येईना. आणि मग तेराव्याला लताबाई फोनवर रडत तिला म्हणाल्या, तुमचे ते नगरचे काका आले होते ना, त्यांना आईंनी सगळी फाईल दाखवली होती.

तिचा मला फोन आला. हॅलो नाही, काही नाही. काका, तुम्हाला माहीत होतं? मी म्हणलं, हो. मी वाट बघत होतो की शिव्या देईल, माझं तोंड जळो म्हणेल, आबांना म्हणायचे तसं. तिनं फोन ठेवला.

लोक मला म्हणाले, काका, तुम्ही बरोबर केलंत, आईचा शब्द पाळलात. निखिलसुद्धा एकदा डेअरीत भेटला, दूध घ्यायला आला होता, म्हणाला, तुमची चूक नाही. मला वाटलं हे ऐकून बरं वाटेल. मी रात्रंदिवस त्या तुखिकाशी भांडायचो. त्याला म्हणायचो, तुझं सोपं होतं बाबा, तुला पौलानंच सांगितलं सगळं सांग म्हणून, तो बेड्यांत होता तरी म्हणाला नाही की त्यांना कळू देऊ नको, ते घाबरतील. माझ्या माणसानं तर माझं तोंडच बांधून पाठवलं. असं भांडायचो आणि मग आबा दिसायचे, कुणाच्या तरी ओट्यावर पाणी पिताना, आणि माझं भांडण संपायचं. आबांनासुद्धा पेशंट म्हणालेच असतील की हो, घरी सांगू नका, कुणीच कधी म्हणालं नसेल का?

पुढच्या डिसेंबरात पिशव्या आल्या, जरा कमी. मी गेलो, बघून आलो, सांगितलं. पण मंजिरी दोन वर्षं बोलली नाही. मुलगी झाली तिला, गोड आहे, ईरा नाव, मला ते एस्तेरकडून कळलं. मंजिरीनं कंपनीपण बदलली.

आणि मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी, मी मागच्या डेकवर लॉनमोवरचं पातं काढून बसलो होतो, रूथ आली आणि म्हणाली, मंजिरी आलीय. मुलीला घेऊन आली होती. मुलगी पायातले छोटे जँडल्स, इथल्या रबरी चपला, काढून गवतात पळाली, आणि मंजिरी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, काका, तुम्ही तिला बघितलं होतं. मी नाही बघितलं. निखिल पोचला तेव्हा ती नव्हतीच. मला सांगा.

मी हात धुऊन आलो. पाणी प्यायलो. आणि सांगितलं. दारापासून. लताबाई कशा आल्या, खुर्ची कुठं होती, फोन कसा टेकवलेला. साडी कोणती होती विचारलं तिनं, मी म्हणलं, फिकट जांभळी, वर तुझा स्वेटर लगेच घातला, दुपारचं गरम होत होतं तरी काढला नाही. काय खात होती, तर मऊ भात आणि ताक, दोन घास. दुखत होतं का, तर हो, बोलता बोलता थांबायच्या आणि खुर्चीचा हात धरायच्या. पाय, पोट, फाईल, सगळं सांगितलं. मेतकुटाच्या डब्याची गाठ सांगितली. ती एकदाही रडली नाही, फक्त विचारत गेली, मधे मुलगी येऊन मम्मा लुक म्हणून डँडेलियनचं फूल देऊन गेली ते तिनं हातात धरून ठेवलं. तासभर गेला असेल. मग म्हणाली, अजून काही?

आता तुम्हाला सांगतो, मघाशी तुम्हाला सांगताना मी एक गाळलं. रूथलाही तोवर सांगितलेलं नव्हतं. मी निघालो तेव्हा सुमनबाई उठल्या, मी नको नको म्हणत असताना भिंत धरत लिफ्टपर्यंत आल्या. मी आत शिरलो, बटण दाबलं, आणि त्या म्हणाल्या, भास्करराव, ती आत्ता यायचं म्हणाली, तर डॉक्टर तिला येऊ देतील का हो? आणि मी म्हणलं, छे छे, कशाला उगाच, तुम्हीच जाताय की एप्रिलमध्ये. लिफ्टचं दार लागलं. त्यांचं तोंड कसं झालं ते मी बघितलं. कळलं मला. त्याच क्षणी कळलं की आधीची शपथ एकीकडं आणि हे एकीकडं, यांना लेक हवी आहे. आणि मी खाली उतरलो आणि रिक्षा केली.

हे मंजिरीला सांगायचं का? मला वाटलं, हिला आता याचा काय उपयोग, उलट जन्मभराचं दुखणं. तिनं परत विचारलं, काका, अजून काही? आणि मी सांगितलं. जसंच्या तसं, माझं उत्तरसुद्धा.

तिनं हातातलं फूल बाजूला ठेवलं. मग म्हणाली, दिली असती परवानगी. पाचवा होता. मी त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारलं होतं, आईला सरप्राइज द्यायला जाऊ का म्हणून, ते हो म्हणाले होते. तुम्ही आलात, छान आहे म्हणालात, म्हणून मी म्हणलं जाऊ दे, तीच येतेय.

काय सांगू तुम्हाला. मी खुर्चीवरून उठून खाली बसलो. ती उठली, मुलीच्या पायात जँडल्स घातले, मुलीचा हात धरून दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, हे तरी सांगितलंत. एवढंच. आणि गेली.

तेव्हापासून आली नाही. येईल का, माहीत नाही. तिचं आता तिकडं कुणी नाही, त्यामुळं डिसेंबरात माझ्याकडं द्यायला तिच्यापाशी काही नसतं. मी जातो अजून, गुडघे चालतायत तोवर जाणार, बाकीच्यांचे आईबाप आहेत. फक्त आता पिशवी घेताना आधीच सांगतो, आणि तिकडं म्हाताऱ्यांनाही दारातच सांगतो, मी बघायला आलोय, जे दिसेल ते जाऊन सांगणार, चालत असेल तर आत येतो. दोघातिघांनी नाही म्हणलं, त्यांच्याकडं मी पिशवी ठेवून परत फिरलो आणि इकडं येऊन तसंच सांगितलं, मला आत घेतलं नाही. ते ऐकून एकजण त्याच आठवड्यात विमानात बसला, त्याला वडील भेटले. मंजिरीला ते कुणी सांगितलं असेल का, असं मनात येतं. प्रभू तिला शांती देवो, तिच्या लेकराला दोन्ही हातांनी सांभाळो, मी रोज उपासनेत तिचं नाव घेतो, तिला आवडो न आवडो. तुम्ही हे लिहून काढाल तेव्हा माझं पाल्हाळ कापा, माझी बढाई कापा, आबांचंसुद्धा कमी केलंत तरी चालेल, पण ते लिफ्टपाशी त्यांनी काय विचारलं आणि मी काय म्हणलं, तेवढं राहू द्या.